देव मानत नाही, तर दारू सुटल्यावरचं ‘अध्यात्म’ कुठून आणायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दारू बंद करून चार महिने झाले. आठवड्याला अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडलेल्यांनी एकमेकांना साथ देणाऱ्या एए गटाच्या, दोन मीटिंगा चालू आहेत, तिथली माणसं आवडली, पण ‘उच्चशक्तीच्या हवाली हो’ हे ऐकलं की डोकं उठतं. घरी बायको म्हणते, माळ घाला. तुम्ही दोन्हीकडे मान डोलावता आणि आतून चिडता. देव न मानता हे टिकेल का?

टिकेल. अट एकच, आणि नास्तिक मंडळी नेमकी तीच विसरतात. एएचा कार्यक्रम बारा पायऱ्यांचा, आणि त्यांत देवाकडे काही कामं सोपवलेली आहेत. देव नको असेल तर नको, पण ती कामं मग दुसऱ्या कोणाकडे तरी द्यावी लागतात. देवाबरोबर कामंही टाकून दिली की माणूस नुसता कोरडा राहतो. बाटली नसते, पण चिडचिड, खोटं बोलणं, ‘मला कोणी शिकवू नये’ हा ताठा, सगळं जागच्या जागी असतं. मग एखाद्या लग्नात हात ग्लासाकडे जातो आणि लोक म्हणतात, श्रद्धा नव्हती ना, म्हणून. ते कारण चुकीचं असतं.

आधी पायऱ्यांचा मजकूर पेन्सिल घेऊन वाचा. तिसरी, पाचवी, सहावी, सातवी आणि अकरावी या पाचांत देव थेट आहे. दुसरीत ‘आपल्यापेक्षा मोठी शक्ती’ आहे, बारावीत ‘आध्यात्मिक जागृती’. पहिली, चौथी, आठवी, नववी आणि दहावी यांत देवाचं नावसुद्धा नाही. म्हणजे पाच पायऱ्या एकही शब्द न बदलता तुमच्या आहेत. आणि घाम काढणाऱ्या पायऱ्या बहुतेक त्याच.

देवावरून घासाघीस करणारे तुम्ही पहिले नाही. एए १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात सुरू झालं आणि १९३९ साली त्यांचं पुस्तक आलं. ‘आम्हाला जसा समजला तसा देव’ ही पुस्ती त्यात पडली ती जिम बरवेलसारख्या नास्तिक सदस्यांनी हट्ट धरला म्हणून. सातव्या पायरीतले ‘गुडघे टेकून’ हे शब्द छपाईआधीच गेले. संस्थापकांपैकी बिल विल्सनला डिसेंबर १९३४ मध्ये रुग्णालयात लख्ख प्रकाशाचा अनुभव आला होता. ते वाचून लोक आपल्यालाही प्रकाश दिसायची वाट पाहू लागले. तेव्हा १९४१ साली पुस्तकाला पुरवणी जोडून सांगावं लागलं की बहुतेकांचा बदल हळूहळू, शिकत शिकत होतो. शिकागोत १९७५ पासून नास्तिकांची स्वतंत्र एए मीटिंग भरू लागली. १९८७ साली तर वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी देव पूर्ण वगळून बारा पायऱ्या पुन्हा लिहिल्या.

पुराव्याचं म्हणाल, तर २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसं होती. एएच्या वाटेने नेणाऱ्या उपचारांत वर्षअखेर पूर्ण कोरडे राहिलेले सुमारे ४२ टक्के, इतर उपचारांत ३५ टक्के. फरक जादूचा नाही, पण खरा आहे. हे कशामुळे होतं याचा शोध घेतला तेव्हा सर्वांत मोठा वाटा निघाला तो संगत बदलण्याचा, आणि पिणाऱ्यांच्या घोळक्यातही नाही म्हणता येईल या भरवशाचा. मात्र ज्यांचं व्यसन जास्त जुनाट होतं त्यांच्यात आध्यात्मिक बाजूचाही वाटा दिसला. आपल्या बाजूचा तेवढा पुरावा ठेवून हा दुसरा भाग गाळणं बरोबर नाही, म्हणून सांगितलं.

आता कामं. पहिलं म्हणजे ‘हवाली होणं’. यातला देव बाजूला ठेवा. हवाली काय करायचं? फक्त एक निर्णय: आज प्यायची की नाही. रात्री नऊला, घरात एकटं असताना, हा निर्णय ज्या मेंदूने घ्यायचा त्यालाच दारूने वर्षानुवर्षं वळण लावलेलं असतं. म्हणून निर्णय घराबाहेर ठेवायचा. कुठे ठेवायचा याला माझ्या तीन कसोट्या आहेत: ती गोष्ट तुम्ही स्वतः नसावी, तुमच्या मूडप्रमाणे बदलू नये, आणि तिला तुम्हाला ‘नाही’ म्हणता यावं. मीटिंगांमध्ये विनोद चालतो की दाराची मूठसुद्धा उच्चशक्ती चालेल. नाही चालत. निसर्ग, विश्व, ऊर्जा हे ऐकायला छान आहे, पण साडेनऊला विश्व फोन उचलत नाही. गट उचलतो. पाच जणांचे नंबर घ्या आणि रोज एकाला, काहीही कारण नसताना, दोन मिनिटं फोन करा. बरं असताना हाताला सवय लागली तरच वाईट दिवशी फोन लागतो. ‘गरज पडली तर करीन’ म्हणणारे गरज पडल्यावर करत नाहीत.

याच कामाचं औषधी रूपही आहे, आणि ते मला फार आवडतं. डायसल्फिराम ही गोळी घेतलेल्या माणसाने दारू घेतली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, धडधड वाढते, रक्तदाब घसरतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम राहू शकतो. सकाळी आठला घेतलेला निर्णय रात्री नऊच्या तुम्हाला फिरवता येत नाही. याहून निधर्मी शरणागती कोणती? पण गोळी मानसोपचारतज्ज्ञाकडूनच, यकृत आणि हृदय तपासून, आणि स्वतःला माहीत असताना. जेवणात गुपचूप मिसळली जाणारी पावडर जिवावर बेतू शकते. घरच्यांनाही हे सांगून ठेवा.

दुसरं काम प्रार्थनेचं: तलफ येते तेव्हा तग धरायला लावणं. तलफ ही लाट असते. चढते, टोक गाठते, उतरते, आणि बहुतेक वेळा २० ते ३० मिनिटांत. ॲलन मार्लाट या मानसशास्त्रज्ञाने तिच्यावर स्वार व्हायची युक्ती मांडली. आधी चार गोष्टी तपासा: भूक, राग, एकटेपणा, थकवा. भूक असेल तर आधी पोळीभाजी खा, ध्यानबिन नंतर. मग २० मिनिटांचा गजर लावून बसा. तलफ शरीरात कुठे आहे ते शोधा: घसा, जबडा, पोट, तळहात. दर पाच मिनिटांनी तिला शून्य ते दहा गुण द्या आणि कागदावर लिहा. तिच्याशी भांडू नका, तिला हाकलूही नका. आठवरून तीनवर आलेली तलफ स्वतःच्या अक्षरात पाहिली की पुढच्या वेळी धीर येतो. आणि हे परमिट रूमच्या दारात उभं राहून करायचं नसतं. तिथे आधी पाय हलवायचे.

मीटिंगच्या शेवटी सगळे प्रार्थना म्हणतात तेव्हा गप्प उभं राहिलं तरी चालतं. हवं तर संबोधन गाळून म्हणा. मग उरतं ते असं: जे बदलता येत नाही ते स्वीकारीन, जे बदलता येतं ते धैर्याने बदलीन, दोन्हींतला फरक ओळखायला शिकेन. यात देवाची गरज कुठे आहे?

तिसरं काम कबुलीचं, आणि इथे घाई नको. चौथ्या पायरीत स्वतःचा झाडा घ्यायचा असतो; त्यासाठी साधी दोनशे पानी वही घ्या, चार रकाने आखा: कोणावर राग, कशाबद्दल, त्यात माझं काय दुखावलं (पैसा, मान, भीती, नातं), आणि माझा वाटा किती. रोज अर्धा तास, तीन आठवडे. रात्री झोपण्याआधी नको, झोप उडते आणि जागरण हे पिण्याचं जुनं निमित्त आहे. चुका दोन प्रकारच्या होतात. काही जण पहिले तीन रकाने भरून कादंबरी लिहितात आणि चौथा कोरा ठेवतात. काही जण चौथ्यात स्वतःला चाबकाने फोडतात. ‘मी नालायक आहे’ ही नोंद निरुपयोगी. ‘मार्चमध्ये बहिणीची बांगडी गहाण टाकली आणि हरवली म्हणून सांगितलं’ ही नोंद कामाची.

पाचव्या पायरीत ही वही देवाला, स्वतःला आणि एका माणसाला सांगायची असते. देव वगळा, बाकीचे दोघे पुरतात. पण माणूस वगळून चालणार नाही. अनेक बुद्धिमान लोक इथेच निसटतात, ‘मी स्वतःशी प्रामाणिक आहे ना’ म्हणून. स्पॉन्सर (एएमधला वाट दाखवणारा जुना सदस्य) किंवा समुपदेशक निवडा, दोन-तीन तास काढा, मोठ्याने वाचा. बायकोपुढे वाचू नका. तुमचं ओझं तिच्या डोक्यावर ठेवणं म्हणजे कबुली नव्हे.

मग आठव्या-नवव्या पायरीतली भरपाई. ‘माफ कर’ हा शब्द बायकोने शंभर वेळा ऐकलाय, त्याची किंमत संपली आहे. पैशाचं देणं पैशात फेडा: दरमहा दोन हजार तर दोन हजार, पण ठरलेल्या तारखेला. घरच्यांची भरपाई भाषणाने होत नाही. सांगितलेल्या वेळेला सहा महिने घरी येणं, हीच ती. ज्याच्या आयुष्यात परत गेल्याने त्यालाच त्रास होईल, तिथे जायचं नाही. नवव्या पायरीतच तशी मुभा दिलेली आहे.

रात्रीची पाच मिनिटं दहाव्या पायरीला: आज कुठे खोटं बोललो, कोणावर उगाच भडकलो, उद्या सकाळी कोणाला काय सांगायचं आहे. मोजून तीन ओळी, जास्त नाही.

बारावी पायरी, म्हणजे दुसऱ्या पिणाऱ्यांच्या उपयोगी पडणं, नास्तिकाला सर्वांत सोपी. मीटिंगच्या चहाची जबाबदारी घ्या. शनिवारचा चहा माझ्याकडे म्हटलं की कंटाळा आला तरी जावं लागतं, दूध कोण आणणार? सतरंज्या घालणं, नव्या माणसाशेजारी बसणं हेही त्यातच आलं. ज्या माणसाच्या डोक्यात दिवसभर ‘मी, माझं, मला’ चाललेलं असतं त्याला त्यातून बाहेर काढणं, एवढाच ‘अध्यात्म’ या शब्दाचा या कामातला अर्थ मी घेतो. आठवड्यातून एकदा गडावर जा, पक्षी बघा, गाणं ऐका, तेही त्याच खात्यात.

एक इशारा. कोणी सांगेल, इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करा, धर्माचा संबंध नाही. पद्धत चांगली आहे, पण पहिल्या काही महिन्यांत दहा दिवस मौनात, फोन आणि गट यांच्याशिवाय, हे जड जाऊ शकतं. दबलेलं खूप काही एकदम वर येतं. निद्रानाश, नैराश्य किंवा मनाच्या आजाराची औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा आणि अर्जात सगळं खरं लिहा. तोवर रोजचं दहा मिनिटं शांत बसणं पुरे.

आणि जो कोणी हे वाचून उद्यापासूनच दारू तोडणार असेल, त्याला वेगळं सांगतो. रोज भरपूर पिणाऱ्याने घरी एकदम बंद करू नये. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम, थरथर, ताप सुरू होऊ शकतो, आणि हे जीवघेणं ठरतं. आधी डॉक्टर. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्याची टेलि-मानस १४४१६.

एए अजिबातच झेपलं नाही तर १९९४ साली सुरू झालेलं स्मार्ट रिकव्हरी हे दुसरं स्वमदत जाळं आहे. त्यात उच्चशक्ती नाही, ऑनलाइन मीटिंगा आहेत, पाया मुख्यतः मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीचा. ‘प्यायल्याशिवाय हे सहनच होणार नाही’ या वाक्याला ‘सहन करणं अवघड आहे, पण होतं’ असं दुरुस्त करायला तिथे शिकवतात. विवेकवाद आणि व्यसनमुक्ती यांचं वाकडं आहे असं वाटत असेल तर साताऱ्याकडे बघा: अंधश्रद्धेविरुद्ध लढलेल्या नरेंद्र दाभोलकरांनीच तिथे ‘परिवर्तन’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रही १९८६ पासून आहे. एकदा जाऊन समुपदेशकाशी बोला आणि नास्तिक असल्याचं पहिल्याच भेटीत सांगून टाका.

राहता राहिली माळ. बायकोशी वाद घालण्याआधी माळ काय करते ते बघा. ती गळ्यात दिसते, म्हणून गावभर शब्द दिला जातो आणि कोणी ग्लास पुढे करत नाही. रोजचा नेम लावते, बरोबर चालणारी माणसं देते, वर्षातून एकदा वारीला नेते. अनेकांची दारू तिने सुटली आहे, याची टिंगल करू नका. पण श्रद्धा नसताना घातलेली माळ ही घरातलं आणखी एक खोटं ठरेल, आणि खोटं तुम्हाला परवडणारं नाही. बायकोला तेवढंच सांगा, आणि त्याच बैठकीत माळेची चारही कामं कशी करणार ते कागदावर लिहून द्या: भाऊ, मेहुणा आणि ऑफिसातले दोघे यांना ‘मी पीत नाही’ असं तिच्यासमोर सांगणं, रात्रीची वही, शनिवारचा चहा, आणि दरवर्षी दारू सोडल्याच्या तारखेला तिला घेऊन ओपन मीटिंगला (जिथे घरच्यांनाही येता येतं) जाणं. कागद फ्रिजवर लावा. महिन्याने तिलाच विचारा, यातलं काय झालं आणि काय नाही.