२०२१ च्या लॉकडाऊनमध्ये रिक्षावाल्यांना सरकारने खरंच पैसे दिले का?

हो दिले, पण सगळ्यांना नाही. १३ एप्रिल २०२१ ला तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरेंनी ब्रेक द चेनचे (कोरोनाची साखळी तोडायचे) निर्बंध सांगताना ५,४७६ कोटींचं पॅकेज जाहीर केलं होतं, त्यात परमिटवाले रिक्षावाले, नोंदणी असलेले फेरीवाले, घरकामगार आणि बांधकाम कामगार यांना १,५०० रुपये, शिवाय रेशनवर ३ किलो गहू २ किलो तांदूळ फुकट आणि शिवभोजन थाळी पण महिनाभर मोफत.

गोची नोंदणीची होती, म्हणजे परमिट ज्याच्या नावावर त्यालाच पैसे, दुसऱ्याची रिक्षा शिफ्टवर चालवणारा बसला हात चोळत आणि खरं तर त्यालाच जास्त गरज होती. तसं १,५०० मध्ये मुंबईत खोलीचं भाडं तरी निघतं का सांगा.