आजोबांच्या खिल्लार जातीच्या गुरांच्या गोठ्याच्या आठवणी लिहून ठेवायच्यात ना, मग हे आधी वाच

भावा, पहिलं म्हणजे मोबाईल समोर धरून "आजोबा, तुमचं जीवन सांगा" असं म्हणू नकोस, मीही तेच केलं होतं आणि आमचे आप्पा दोन वाक्यांत जन्म, लग्न सांगून गप्प बसले. मग एकदा वैरण टाकताना सोबत गेलो, कालवडीच्या पाठीवर हात फिरवत फिरवत तासभर बोलले. रेकॉर्डिंग अर्थातच चालू नव्हतं 😅

सुरुवातीला एवढंच कर:

- माणसाबद्दल नाही, जनावराबद्दल विचार. पहिला खोंड कुठनं आणला, कोसा की काजळी (हे खिल्लारचे प्रकार), दुसा (दोन दाती) होता का चौसा (चार दाती), वळू कुणाचा लावला. त्यातनं माणूस आपोआप येतो.
- साल आठवत नसेल तर अडून बसू नको, ७२ च्या दुष्काळाआधी का नंतर एवढं विचार. २०१४ ला बैलगाडा शर्यती बंद झाल्या तेव्हा खोंडांचं काय केलं हेही विचार, २०२१ ला परत सुरू होईपर्यंत कुणी दावण टिकवली ते कळेल.
- शब्द बदलू नकोस. आप्पा "जुळला" म्हणाले, म्हणजे बैलाचे सगळे दात आले, मी शहाणपणा करून "प्रौढ झाला" लिहिलं. दातांची अख्खी गोष्टच गेली!

आणि जमलं तर सांगली जिल्ह्यातल्या खरसुंडीच्या यात्रेला घेऊन जा त्यांना, तिथं खिल्लार जनावरांचा बाजार भरतो. उपरण्याखाली बोटं धरून भाव कसा ठरायचा ते तुझ्याच हातावर दाखवतील, ते काय लिहून समजत नाय.

वंशावळ, फोटो स्कॅनिंग वगैरे नंतर बघू.