थायरॉइडचा संशय आहे, मग टेस्ट नेमकी कुठली करायची?

प्रश्न : माझं वय ३६. गेले सहा-सात महिने सारखा थकवा आहे, वजन ४-५ किलो वाढलंय, केस गळतायत, पाळी पुढेमागे होऊ नये म्हणून गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत. आईला थायरॉइड आहे म्हणून मीही टेस्ट करून घेतली. टी थ्री नॉर्मल, टी फोर नॉर्मल आणि टीएसएच ६.८ आला. त्याआधी न्यूमोनिया होऊन मी अ‍ॅडमिट होते, घरी येऊन दहाच दिवस झाले होते. एक जण म्हणतं लगेच गोळी सुरू कर, दुसरं म्हणतं आधी अकरा टेस्टचं मोठं पॅकेज कर. मी काय करू?

उत्तर : ताई, आधी एक सांगते, तुमचा त्रास खरा आहे आणि तो "मनाचं असेल" म्हणून कुणी उडवून लावत असेल तर ऐकू नका. पण या एका रिपोर्टवर गोळी सुरू करायची घाई नको आणि ते मोठं पॅकेज तर अजिबात नको.

टी थ्री आणि टी फोर ही थायरॉइडची स्वतःची हार्मोन्स. टीएसएच हे हार्मोन मात्र ती बनवत नाही, मेंदूच्या खाली असलेली पिट्युटरी नावाची छोटीशी ग्रंथी बनवते. थायरॉइडचं काम मंदावलं की पिट्युटरी तिला "अगं, काम कर" म्हणून टीएसएच वाढवत नेते, आणि टी फोर थोडासा उतरला तरी टीएसएच कितीतरी पटीने चढतो, म्हणूनच सुरुवातीची गडबड सगळ्यात आधी टीएसएचमध्ये दिसते आणि पहिली टेस्ट म्हणून एकटा टीएसएच बहुतेकांना पुरतो. साधारण ०.४ ते ४ ही रेंज धरतात, लॅबप्रमाणे थोडी इकडेतिकडे होते, वयानुसार वरची मर्यादा थोडी वाढतेही.

आता तुमचा रिपोर्ट. मोठ्या आजारातून उठल्यावर शरीर सावरत असतं तेव्हा टीएसएच काही दिवस तात्पुरता चढतो आणि मग आपोआप खाली येतो. तुमची टेस्ट नेमकी त्याच दिवसांत झालीये. म्हणजे हा ६.८ खरोखर थायरॉइडचा की न्यूमोनियातून सावरण्याचा, हे आज कुणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही.

दुसरी गोष्ट टी फोरची. रिपोर्ट हातात घ्या आणि टी फोरच्या आधी "फ्री" हा शब्द आहे का ते बघा. बहुतेक पॅकेजमध्ये तो नसतो, टोटल टी फोर असतो, आणि तुम्हाला नेमका तोच उपयोगाचा नाही. कारण रक्तातला ९९ टक्क्यांहून जास्त टी फोर प्रोटीनला चिकटून फिरत असतो, जो सुटा असतो तेवढाच कामाचा. गर्भनिरोधक गोळ्यांमधल्या इस्ट्रोजेनमुळे हे प्रोटीन वाढतं, त्यामुळे टोटल टी फोर फुगून दिसतो आणि खरोखर कमी असला तरी कागदावर नॉर्मल वाटू शकतो. गरोदरपणातही हेच होतं. म्हणून तुमच्यासाठी फ्री टी फोरच.

मग करायचं काय, तर आजारातून पूर्ण बरं झाल्यावर निदान सहा ते आठ आठवडे जाऊ द्या आणि टीएसएच, फ्री टी फोर आणि अँटी टीपीओ एवढ्याच तीन टेस्ट करा. अँटी टीपीओ ही अँटिबॉडी आहे, ती जास्त आली म्हणजे शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती थायरॉइडवर हल्ला करतेय, ज्याला हाशिमोटो म्हणतात (हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी १९१२ मध्ये त्याचं पहिलं वर्णन केलं, त्यावरून नाव). आईला आहे म्हणून तुमच्या बाबतीत ही टेस्ट करण्यात अर्थ आहे, पण एकदाच, तो आकडा दर सहा महिन्यांनी बघत बसून काही निष्पन्न होत नाही. रिव्हर्स टी थ्री, थायरोग्लोब्युलिन वगैरे सोडून द्या. टी थ्रीसुद्धा थायरॉइड कमी असल्याचा संशय असताना फारसा कामाचा नाही कारण शरीर तो अगदी शेवटपर्यंत नॉर्मल ठेवायचा प्रयत्न करतं, तो लागतो थायरॉइड जास्त झाल्याच्या संशयात.

त्यावेळी टीएसएच १० च्या वर आला किंवा फ्री टी फोर कमी आला तर गोळीचा विषय येतो. ४ ते १० च्या मध्ये आला आणि फ्री टी फोर नॉर्मल असला तर वय, लक्षणं, अँटिबॉडी बघून डॉक्टर ठरवतील, आणि पुष्कळदा थांबून पुन्हा बघणंच योग्य असतं. अपवाद एकच : गोळ्या थांबवून बाळाचा विचार करणार असाल तर ही वाट बघू नका, आत्ताच डॉक्टरांना सांगा, तिथे सगळं गणित वेगळं आहे.

आणि हो, केस गळतात म्हणून बायोटिनच्या कॅप्सूल घेत असाल तर हे नीट वाचा. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, रिपोर्टमध्ये टीएसएच जवळजवळ शून्य, फ्री टी फोर चढलेला, म्हणजे कागदावर थायरॉइड भयंकर जास्त, आणि समोर बसल्यात शांत, हात कोरडे, बोटं जराही थरथरत नाहीत, नाडी ६४. काहीच जुळेना. गोळ्या कुठल्या घेता विचारलं तर म्हणाल्या कुठल्याच नाही, मग निघता निघता पर्समधून केसांच्या कॅप्सूलची बाटली काढून म्हणाल्या "ही चालेल ना?" तीत बायोटिन भरपूर होतं. आठवडाभर बंद करायला लावलं, परत टेस्ट केली, सगळं नॉर्मल. बायोटिन थायरॉइड बिघडवत नाही, पण पुष्कळ लॅबच्या मशीनची पद्धत अशी असते की त्याने आकडेच खोटे येतात. टेस्टच्या आधी किमान दोन दिवस ते बंद ठेवा, डोस मोठा असेल तर अजून आधीपासून. लोक "औषध" विचारल्यावर व्हिटॅमिन सांगतच नाहीत हो, म्हणून मुद्दाम लिहितेय.

थकव्यासाठी त्याच सॅम्पलमध्ये हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी ट्वेल्व्ह आणि शुगर करून घ्या, केस आणि थकवा दोन्हींच्या मागे लोह कमी असणं खूप वेळा सापडतं.

प्रश्न : मी वर्षभर थायरॉक्सिनची गोळी घेतोय. टेस्टच्या दिवशी गोळी घेऊन जायचं की न घेता? आणि उपाशीपोटी लागतं का?

उत्तर : रक्त आधी द्या, गोळी नंतर घ्या. गोळी घेतल्यावर काही तास फ्री टी फोर तात्पुरता वर जातो आणि डोस जास्त झालाय असं वाटू शकतं. उपाशी राहायची सक्ती नाही, पण टीएसएच रात्री उशिरा सगळ्यात जास्त आणि दुपारी कमी असतो, त्यामुळे दरवेळी साधारण त्याच वेळेला आणि जमलं तर त्याच लॅबमध्ये द्या. डोस बदलला असेल तर सहा ते आठ आठवड्यांच्या आत टेस्ट करूच नका, टीएसएच तोवर स्थिरावत नाही आणि उगाच डोस वरखाली होत राहतो.

प्रश्न : टीएसएच २.१ आहे, पण बहिणीला लक्षणं सगळी थायरॉइडची आहेत. बाळंतपणात तिला खूप रक्तस्राव झाला होता, त्यानंतर पाळीही आली नाही. डॉक्टर म्हणाले थायरॉइड नॉर्मल आहे.

उत्तर : हे पत्र वाचून मी पहिलं उत्तर अर्धवट ठेवून आधी इकडे आले. एकटा टीएसएच पुरतो असं मी वर लिहिलं ते पिट्युटरी ठणठणीत असेल तरच खरं आहे. बाळंतपणात जास्त रक्त गेलं तर पिट्युटरीलाच इजा होऊ शकते, मग थायरॉइड मंदावली तरी टीएसएच वाढवणारं कुणी उरत नाही आणि आकडा छान नॉर्मल दिसतो. फ्री टी फोर आणि सकाळचं कॉर्टिसोल (हेही पिट्युटरीच्या हुकमावर बनणारं, शरीराला ताण सोसायला लागणारं हार्मोन) या आठवड्यातच करून घ्या आणि एंडोक्रायनोलॉजिस्टना, म्हणजे हार्मोनच्या तज्ज्ञांना दाखवा. बाळंतपणानंतर दूध आलं होतं का, हेही त्यांना सांगा. आणि कॉर्टिसोलचा रिपोर्ट बघितल्याशिवाय कुणीही थायरॉइडची गोळी सुरू करू देऊ नका, कॉर्टिसोल कमी असताना ती गोळी दिली तर धोका होऊ शकतो. तिला चक्कर, उलट्या, खूप अशक्तपणा असं काही असेल तर अपॉइंटमेंटची वाट न बघता आजच हॉस्पिटलला न्या.