प्लिंथचा बेड पडण्याआधी आणि स्लॅब भरण्याआधी काय ठरवून ठेवावे

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: सांगलीत शामरावनगरला ३० बाय ५० फुटांचा प्लॉट, माती काळी, कॉलम प्लिंथच्या (जोत्याच्या) बीमपर्यंत आलेत, तळमजला आणि वर एक मजला. खोल्या नकाशात बसल्यात, पण "मागून आठवणाऱ्या" गोष्टी आत्ताच कळाव्यात. रंग, टाइल, फर्निचर पुढे कधीही बदलता येते. मातीत, स्लॅबमध्ये आणि भिंतीत जे गाडले जाते ते फोडल्याशिवाय बदलत नाही. त्यामुळे खोलीवार यादी करण्यापेक्षा काँक्रीट ज्या क्रमाने पडणार त्या क्रमाने विचार करा.

प्लिंथमध्ये काय भरले जातेय ते आजच बघा. फूटिंगच्या खड्ड्यातून निघालेली काळी माती तिथेच परत ढकलणे ठेकेदाराला स्वस्त पडते. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि दोन-तीन वर्षांत स्कर्टिंगखाली फट दिसायला लागते. चांगला मुरूम घ्या, ६ ते ८ इंचांचा एकेक थर, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसाने ठोकून घ्या. एकदम तीन फूट भरून वरून पाणी सोडले तर फक्त वरचा थर बसतो. भराव पूर्ण झाल्यावर, सोलिंग (दगडांचा थर) आणि बेडच्या (त्यावरच्या काँक्रीटच्या थराच्या) आधी, वाळवीचे औषध. आयएस ६३१३ या भारतीय मानकाप्रमाणे भरावाच्या वरच्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला ५ लिटर द्रावण लागते. तळमजला ७० चौरस मीटर धरला तर ३५० लिटर. पाठीवरचा एक पंप फवारून "औषध मारले" म्हटले तर ते मारलेले नाही. पाऊस पडून भराव चिंब असेल त्या दिवशी मारू नका, जमीन औषध पीत नाही.

आता ड्रेनेज. ४ इंची मैल्याच्या पाइपला साधारण ६० ला १ उतार लागतो, म्हणजे ३० फुटांत ६ इंच. मागच्या संडासापासून रस्त्यावरच्या महापालिकेच्या चेंबरपर्यंत अंतर मोजा, उतार काढा, आणि त्या चेंबरचा तळ प्रत्यक्ष उघडून मोजा. हे गणित प्लिंथची उंची ठरवताना करायचे असते. तुमच्याकडे ती उंची ठरून गेलीय, तरी पाइपाची वाट अजून बदलता येते. प्लिंथ बीममधून पाइप जातो तिथे एक माप मोठी स्लीव्ह (पाइपाभोवतीची नळी) ठेवा. पाइप बीममध्ये घट्ट पकडला गेला की काळी माती हलल्यावर तो बरोबर बीमच्या तोंडाशी तुटतो. याच वेळी गेटचा दिवा आणि बेल, टाकीची मोटर यांचे कंड्युट (वायरीच्या नळ्या) आणि बागेच्या नळाचा पाइप टाकून घ्या. मीटरपासून पार्किंगपर्यंत ३२ मिमीचा एक रिकामा कंड्युट दोरी घालून ठेवा. आज विजेवरची गाडी नसेल, पुढे तिच्या चार्जरला ६ चौरस मिमी वायर त्यातून सहज ओढता येईल.

सांगलीत घर बांधताना पाण्याचा विचार वेगळा करावा लागतो, आणि इथे थोडे जास्त लिहितो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. तुमच्या भागात नदीचे पाणी आले नाही तरी काळ्या मातीत पावसाचे पाणी मुरत नाही, साचते. प्लॉटची पातळी पूररेषेच्या नकाशावर कुठे येते ते पाहून घ्या आणि जुन्या शेजाऱ्यांना पाणी कुठवर आले होते ते भिंतीवर दाखवायला सांगा. त्या खुणेच्या वर किमान दोन फूट अशी एक रेघ स्वतःसाठी ठरवा आणि या चार गोष्टी करा:

- मुख्य डीबी (विजेच्या स्विचांची पेटी), इन्व्हर्टर आणि बॅटरी रेघेच्या वर. जमेल तर पहिल्या मजल्यावर जिन्याशेजारी, हवा खेळेल अशा जागी. मोटरचा स्टार्टरही वर.
- तळमजल्याच्या खोल्यांची वायरिंग छतातून खाली उतरवा, खोल्यांसाठी फरशीखालून एकही कंड्युट नको. तळमजल्याला स्वतंत्र आयसोलेटर ठेवा, म्हणजे पाणी घुसल्यावर खालचा मजला बंद करून वरचा चालू ठेवता येईल.
- घरातून बाहेर जाणाऱ्या शेवटच्या चेंबरात नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप). पाणी दारातून यायच्या आधी तळमजल्याच्या नहाणीतून उलटे वर येते. चेंबरचे झाकण उघडून व्हॉल्व्ह साफ करता आला पाहिजे. कचरा अडकला तर झडप बंद होत नाही.
- जमिनीखालच्या टाकीच्या तोंडाला अंगणापासून फूटभर उंच मान काढा. ओव्हरफ्लो पाइप जमिनीलगत सोडला तर गढूळ पाणी त्यातूनच टाकीत शिरते.

घराभोवती सगळीकडे ३ फूट रुंद, बाहेर उतार दिलेला कोबा करा. पायाशेजारची माती वर्षभर जवळपास सारख्या ओलीची राहिली की भेगा कमी पडतात. गच्चीचे पाणी शोषखड्ड्यात सोडायचा सल्ला मिळेल, पण काळ्या मातीत तो खड्डा पहिल्या पावसात भरतो आणि पायाशीच पाणी धरून ठेवतो. त्यापेक्षा गाळणीतून टाकीत किंवा बोअरमध्ये सोडा. १०० चौरस मीटर गच्चीवर १ मिमी पाऊस म्हणजे १०० लिटर.

स्लॅबच्या आधी जिना. यात अनुभवी गवंडीही चुकतात. खोलीत बेडपासून टाइलच्या माथ्यापर्यंत साधारण ३ इंच जाडी येते, पायरीवर ग्रॅनाइट आणि माल मिळून दीड इंच. काँक्रीटच्या सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या टाकल्या तर तयार जिन्याची पहिली पायरी दीड इंचाने बुटकी होते आणि शेवटची दीड इंचाने उंच. पाय नेमका तिथेच अडखळतो, आणि म्हातारी माणसे पडतात ती इथेच. म्हणून काँक्रीटची पहिली पायरी दीड इंच जास्त आणि शेवटची दीड इंच कमी ठेवायची. त्यासाठी टाइल आणि ग्रॅनाइटची जाडी आत्ताच ठरवावी लागते. फरशीपासून फरशीपर्यंत १० फूट असतील तर १८ चढ (पायऱ्यांच्या उंच्या) घ्या, प्रत्येक पावणेसात इंचांच्या आत बसतो. वळणावर कपाट आणि फ्रिज फिरेल का, तेही कागदावर करून बघा.

बाथरूमचा सनकन (बाकी स्लॅबपेक्षा खाली घेतलेला) स्लॅब ९ ते १२ इंच खोल. कमोडचे मॉडेल आधी निवडा: एस ट्रॅपला (खाली फरशीत निचरा होणाऱ्या) तयार भिंतीपासून भोकाचा मध्य ९ इंच की १२ इंच, हे कंपनीच्या पत्रकात असते, भिंतीतल्या पी ट्रॅपला फरशीपासून उंची लागते, ती बहुधा १८० मिमीच्या आसपास. भिंत मोजताना गिलावा आणि टाइल धरा, विटेपासून मोजू नका. सनकनचे वॉटरप्रूफिंग झाल्यावर पाणी भरून ७२ तास ठेवा आणि खालून छत बघा, मगच भराव. सनकनच्या तळाशी एक छोटा निचरा पाइप बाहेर काढून ठेवला तर पुढे कुठे गळती सुरू झाली ते भिंत ओली व्हायच्या आधी कळते. एवढा साधा पाइप क्वचितच कोणी टाकतो.

पंख्याचा बॉक्स खोलीच्या मध्यावर नाही, कपाट वगळून उरलेल्या जागेच्या मध्यावर. २ फूट खोल कपाट येणार असेल तर मध्य फूटभर सरकतो.

गच्चीवर टाकी नैऋत्येला ठेवायची पद्धत आहे आणि सोलर पॅनल नेमके तिच्या मागे येतात. हिवाळ्यात दुपारनंतर टाकीची सावली ईशान्येकडे लांबते. पॅनल टाकीच्या उत्तरेला नकोत. दक्षिण कठड्यालगत, टाकीच्या पूर्वेला, कठड्याची सावली चुकेल एवढ्या उंच स्टँडवर घ्या. जिन्याची केबिन शक्यतो उत्तरेला. ३ किलोवॉटला साधारण ३०० चौरस फूट मोकळी जागा धरा (पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान आहे) आणि गच्चीपासून मीटरपर्यंत २ इंची पाइप भिंतीत घेऊन ठेवा. पाणी तापवायचा सोलर बसवणार असाल तर थंड पाण्याच्या टाकीचा तळ गच्चीपासून ७ फुटांच्या आसपास लागतो, नाहीतर गरम टाकी पूर्ण भरत नाही. गरम पाण्याला सीपीव्हीसीचेच (उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचे) पाइप. पाऊण इंची पाइपात दर मीटरला पाव लिटर पाणी असते, म्हणजे १५ मीटरवरच्या बाथरूममध्ये गरम यायच्या आधी जवळपास चार लिटर वाया. दोन्ही बाथरूम आणि सोलर एकाच उभ्या रेषेत आले तर हे वाचते. बोअरचे पाणी जड असेल तर ते सोलरला जोडू नका, नळ्यांत क्षार साठतात. गच्चीवर बोअर आणि नळ यांच्या टाक्या पहिल्यापासून वेगळ्या करा.

वायरिंगमध्ये एकच गोष्ट हट्टाने करून घ्या: इन्व्हर्टरवरच्या पॉइंटांची न्यूट्रल स्वतंत्र, बाकीच्यांत मिसळलेली नको. मिसळली की ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) सारखा पडतो, आणि मग वायरमन तो काढूनच टाकतो. एसी आणि गिझरला ४ चौरस मिमी, प्रत्येकाला स्वतंत्र. एसीच्या भिंतीत ३ इंची स्लीव्ह बाहेर उतरती, आणि निचऱ्याचा १ इंची पाइप उतारात. तो आडवा गेला की पाणी खोलीत टपकते.

स्वयंपाकघराचे थोडक्यात. चिमणीचे ६ इंची भोक भिंत रचतानाच, सिलिंडर बाहेर ठेवणार असाल तर गॅसच्या पाइपला स्लीव्ह, शुद्ध पाण्याच्या यंत्राचे वाया जाणारे पाणी मागच्या धुण्याच्या जागेकडे. सिंकसमोरची खिडकी आत उघडणारी नको, पान नळाला अडते.

स्लॅबचे स्टील बांधून झाले आणि पाइप टाकले की काँक्रीटच्या आदल्या दिवशी, आणि गिलाव्याच्या आधी प्रत्येक भिंतीचे, मोजायची टेप लावून फोटो काढा. आणि जिन्याबाबत: प्रत्येक मजल्याची तयार फरशीची पातळी आर्किटेक्टकडून आकड्यात लिहून घ्या. तो कागद साइटवर येईपर्यंत जिन्याचे सेंट्रिंग (काँक्रीटचा साचा) लावू देऊ नका.