खवला, शल्क आणि एक अनुस्वार

प्रश्न असा आहे: चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या मत्स्यजीवाश्मांवरचा मजकूर मराठीत आणताना माशाच्या ‘स्केल’ला खवला म्हणावे की शल्क? आणि ‘गॅनॉइड स्केल’चे काय करावे?

मी बेलाशक ‘खवला’ म्हणेन. मासळीबाजारात आणि प्राणिशास्त्राच्या वर्गात तो एकाच अर्थाने कळतो. ‘शल्क’ चुकीचा नाही, पण मराठीत तो वनस्पतिशास्त्राकडे जास्त रुळला आहे. शल्कपर्ण, शल्ककंद हे शब्द वाचलेल्या माणसाला शल्क म्हटल्यावर आधी कांदा आठवतो. शिवाय छापताना त्याचे ‘शुल्क’ व्हायला एक उकार पुरतो.

संस्कृतचा आधारच हवा असेल, तर अमरकोशात माशाची नावे पाहावीत. मत्स्य, मीन यांच्याच ओळीत ‘पृथुरोमा’ आहे आणि पुढे ‘शकली’. शकली म्हणजे शकले, खवले असलेला. पृथुरोमा म्हणजे रुंद केसांचा! कुणीतरी खवल्याकडे चपटा केस म्हणून पाहिले, हे मला फार आवडते. (केसांचे केराटिन खरोखर असते ते खवल्या मांजराच्या खवल्यांत, माशाचे खवले वेगळ्या घडणीचे.)

आता ‘गॅनॉइड’. निसर्गशास्त्रज्ञ लुई अगासी यांनी 1830च्या दशकात माशांची वर्गवारी खवल्यांवरून केली. ती वर्गवारी मागे पडली, गॅनॉइड, टेनॉइड, सायक्लॉइड ही खवल्यांची नावे मात्र टिकली, कारण ती डोळ्यांना दिसणाऱ्या रूपावरून दिलेली होती. ग्रीकमध्ये ‘गॅनॉस’ म्हणजे चमक, ‘क्टेइस’ म्हणजे कंगवा, ‘किक्लॉस’ म्हणजे वर्तुळ. मराठीतही तसेच करावे. रोहूचा तो वाटोळा खवला. जिताड्याचा दातेरी: शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवले की खरखर लागते. मुशीचे कातडे काचपेपरसारखे घासते, कारण तिच्या प्रत्येक खवल्याची घडण दातासारखी असते, तो दंतखवला. आणि गॅनॉइड म्हणजे झिलईदार खवला.

‘झिलई’ इथे केवळ शोभेसाठी नाही. या खवल्यात खाली हाड आणि वर दातांच्या एनॅमलसारखा कठीण, काचेसारखा थर असतो. मासा मेला, सांगाडा विखुरला, तरी हे खवले सुटे सुटे गाळात टिकतात. त्यांचा आकार बहुधा शंकरपाळीसारखा. सूक्ष्मदर्शकाखाली त्या झिलईवर बारीक उंचवटे दिसतात. त्यांचा आकार आणि त्यांच्यातले अंतर मोजून माशाचे कूळ ओळखता येते.

डोंगरगावच्या ‘लमेटा’ नावाच्या खडकथरांतले मासे जीवाश्मतज्ज्ञ आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी 1908 साली वर्णिले. डायनासोरांच्या अखेरच्या काळातले हे मासे. त्यांत ‘लेपिडोस्टियस इंडिकस’ हा ‘गार’ (gar) नावाच्या, झिलईदार खवल्यांच्या माशांच्या कुळातला मासाही आहे. आज गार मासे सापडतात ते फक्त उत्तर व मध्य अमेरिकेत आणि क्यूबात. ‘लेपिडोस्टियस’ या ग्रीक नावातही ‘खवला’ आणि ‘हाड’ हेच दोन शब्द आहेत, म्हणजे अनुवादात खवला आणला की नावाचा अर्थही आपोआप उलगडतो.

एक विनंती मात्र आग्रहाने करतो, अनुस्वार सांभाळा. एक खवला, अनेक खवले. म्हणून ‘खवल्यावरून ओळखला’ आणि ‘खवल्यांवरून ओळखला’ ही दोन वेगळी विधाने आहेत. एकाच माशाच्या कुशीवरचे खवले उंच, शेपटीजवळचे लहान आणि जास्त तिरके असू शकतात. थेलोडॉन्ट नावाचे प्राचीन बिनजबड्याचे मासे तर मुख्यतः सुट्या खवल्यांवरूनच माहीत आहेत, आणि त्यांच्यात डोक्यावरचा खवला अंगावरच्यापेक्षा इतका निराळा असतो की दोन वेगळे मासे वाटावेत. एका खवल्यावरून केलेली ओळख आणि अनेक खवले जुळवून केलेली ओळख यांचे वजन सारखे नाही. मूळ मजकुरात यांतले कोणते आहे ते आधी पाहा, मगच ते टिंब द्या किंवा गाळा.