‘एन्का’ की ‘एंका’, आणि त्याला भावगीत म्हणावे का?

मिसोरा हिबारी या जपानी गायिकेचा उल्लेख मराठीत ‘एन्का गायिका’ असा होतो; त्या शब्दाचे लेखन कसे करावे आणि त्याऐवजी ‘भावगीत गायिका’ म्हणता येईल का, असा प्रश्न आहे.

लेखनाचा भाग सोपा आहे. जपानी उच्चारात यातले अनुनासिक पुढच्या ‘क’मुळे ‘ङ्’ होते, आणि ‘शंका’, ‘डंका’ म्हणताना आपणही नेमके तेच करतो. म्हणून ‘एंका’ लिहावे.

अर्थाचे तसे नाही. ‘का’ म्हणजे गीत, आणि आधीचे अक्षर ‘एन्झेत्सु’ म्हणजे भाषण या शब्दातले आहे. १८८०च्या दशकात लोकहक्कांच्या चळवळीतील भाषणांवर सरकारने निर्बंध घातले, तेव्हा कार्यकर्ते तीच टीका रस्त्यावर गाऊन मांडू लागले. ती मूळची एंका. विरह, मद्य, बंदरे आणि दुरावलेले गाव यांची गाणी हा आजचा अर्थ १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात रूढ झाला.

हिबारी त्याच्या बऱ्याच आधीच्या. १९३७ साली योकोहामात एका मासेविक्रेत्याच्या घरी जन्मलेल्या या मुलीचे खरे नाव कातो काझुए (‘हिबारी’ म्हणजे चंडोल; नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावी). १९४९ साली आलेली तिची पहिली ध्वनिमुद्रिका बुगीवूगी या अमेरिकी नृत्यसंगीताच्या चालीची होती, आणि पुढे ती जॅझही गायली. एंका म्हणजे काय हे ऐकायचे तर कोगा मासाओ यांनी स्वरबद्ध केलेले, तिने १९६६ साली गायलेले ‘कानाशिई साके’ ऐकावे: संथ लय, गाण्यात मध्येच येणारे गद्य बोल, आणि अक्षर लांबवताना गळ्यातून काढलेली बारीक हरकत, जिला ‘कोबुशी’ म्हणतात. या प्रकारात बहुधा मध्यम आणि निषाद वर्ज्य असतात; बाकीचे स्वर शुद्ध ठेवले की आपल्या भूपाचेच स्वर मिळतात, मात्र दुःखाच्या गाण्यांत गंधार व धैवत कोमल होतात.

तरीही ‘भावगीत’ हा पर्याय मला पटत नाही. भावगीतात कवितेला अग्रमान असतो आणि कवीचे नाव गायकाइतकेच घेतले जाते. एंकेची ओळख मुख्यतः गळ्याच्या या विशिष्ट वळणांतून आणि ठरीव विषयांतून पटते. मूळ शब्दच ठेवावा, आणि ‘गीत’ अध्याहृत असले तरी आकारान्तामुळे मराठीत तो स्त्रीलिंगी चालवावा.

हिबारींपुरते मात्र नुसते ‘जपानी गायिका’ म्हणणे अधिक अचूक ठरेल, कारण जून १९८९मध्ये वयाच्या ५२व्या वर्षी त्यांचे निधन झाले त्याच्या काही महिने आधी आलेले ‘कावा नो नागारे नो यो नी’ हे त्यांचे अतिशय लोकप्रिय गाणेही एंकेच्या चौकटीत नीट बसत नाही.