चहात गुपचूप पावडर कालवू का?

ताई, माझे मिस्टर अठरा वर्षं रोज रात्री एक क्वार्टर घेतात. हल्ली जिना चढताना धाप लागते, पाय सुजतात, दोन उशा घेतल्याशिवाय झोपता येत नाही. ते म्हणतात, गॅस आहे. दीर म्हणतात, थोडी दारू हृदयाला चांगलीच. नणंदेनं दारू सोडवायची पावडर दिलीय, चहात न सांगता घालायची. घालू का?
– एक वाचक, बार्शी

नका घालू. अशा पुडीत नेमकं काय आहे, हे कुणालाच ठाऊक नसतं. त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध असेल आणि वर दारू पोटात गेली, तर उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. हृदय आधीच अशक्त असेल, तर जिवावर बेततं. डॉक्टर हे औषध देतात, पण रुग्णाला सांगून, हृदय तपासून.

आणि ताई, तुम्ही लिहिलंय ते मला गॅसचं वाटत नाही. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम अल्कोहोल असतं. वर्षानुवर्षं रोज एवढं गेलं, की हृदयाचा स्नायू कमजोर पडून सैलावू शकतो. मग रक्त जोरानं पुढे ढकललं जात नाही, पाणी पायांत उतरतं, फुप्फुसांत साठतं. आडवं झालं की दम कोंडतो, म्हणून त्या दोन उशा. दिरांना सांगा, दारूचं सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलंय.

दोन दिवसांत त्यांना फिजिशियनकडे न्या. ईसीजी आणि टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या. रात्री दम कोंडून उठले किंवा छातीत दुखलं, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा.

रागाच्या भरात बाटल्या ओतून देऊ नका. इतक्या वर्षांची दारू एकाएकी तोडली, तर पहिल्या काही दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायची. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय. १४४४६ ही सरकारी हेल्पलाइनही आहे. दारूनं थकलेलं हृदय, ती वेळेवर पूर्ण सुटली, तर पुष्कळदा बरंच सावरतं. माझी सगळी आशा त्यावर आहे, तुम्हीही ती धरा.

घरी दारूचा विषय काढू नका. ‘धाप लागतेय, दाखवून येऊ’ एवढंच म्हणा. तपासणीच्या वेळी आत त्यांच्याशेजारी बसा. ‘कधीमधी घेतो’ असं ते म्हणाले, तर क्वार्टर आणि अठरा वर्षं हे दोन्ही आकडे डॉक्टरांना तुम्ही सांगा.